साफ म्हणजे साफ

माझ्या टेबलावर पोळ्यांच्या डब्याएवढा एक डबा असायचा. त्याच्या पाठीमागून एक वायर कॉम्प्युटरला गेलेली होती. पडद्यावर जे काही उमटेल ते हा डबा मोठ्यानं वाचून दाखवायचा. आवाज पुरुषाचा, अमेरिकेतला, आणि कायम सर्दी झाल्यासारखा. डोंबिवलीचं तो 'डॉमबायव्हली' करायचा. प्रश्न असो, उत्तर असो, शिवी असो, त्याचा सूर एकच. आमच्या हपिसातली माणसं पहिले काही दिवस त्याला ऐकायला दारात गोळा व्हायची आणि हसायची. मला त्यांचा राग यायचा. त्यांच्यासाठी ती गंमत होती आणि माझी भाकरी त्या डब्यातून येत होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी आधी ठाण्याला एका कंपनीत टायपिस्ट होते. चांगली होते, असं मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला आता उरलेलं नाही. मग डोळ्यांचे पडदे सुटले. आधी एकाचा, मग ऑपरेशनं होऊनही दुसऱ्याचा. त्यानंतरची काही वर्षं मी डोंबिवलीला दादा-वहिनीकडे लसूण सोलण्यात घालवली. वहिनी वाईट नव्हती. ती सकाळी ताटात लसूण ठेवायची, दुपारी मटार, आणि कुणी आलं की म्हणायची, "आमच्या वन्संची मला किती मदत होते." ते 'मदत' ऐकलं की मला ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं.

त्या ताटातून मी सुटले ते ठाण्याच्या एका अंधांच्या संस्थेमुळे. तिथे मी कॉम्प्युटर शिकले, तिथूनच मला हा डबा वापरायला मिळाला, आणि तिथल्याच बाईंच्या शब्दावर डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका रंगांच्या कारखान्यात नोकरी लागली. आधी फोन घ्यायचे. मग मालकांनी पत्रांचं कामही दिलं. ते कॅसेटवर मजकूर बोलून ठेवायचे, मी ऐकून टाइप करायचे, डबा मला वाचून दाखवायचा. मशीन सुरू झालं की डब्यानं सगळ्यात आधी 'हजर' म्हणावं अशी एक ओळ मी त्यात घालून ठेवली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते 'हजर' तो 'हेजर' असं म्हणायचा. रोज सकाळी त्याचं हेजर ऐकलं की मग मी पर्स खाली ठेवायचे.

आता घाबरण्याचं कारण नीट सांगते. नुसत्या डब्याला बोलता येत नसे. त्याला बोलायला लावणारा एक प्रोग्रॅम मशीनच्या हार्डडिस्कवर होता, आणि तो फक्त तिथेच होता. ज्या फ्लॉपीवरून तो चढवला ती पावसाळ्यात बुरशी येऊन गेली. चोरी होऊ नये म्हणून त्याची केलेली कॉपी चालणार नाही अशी सोय बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली. दुसरी फ्लॉपी परदेशातून यायची, आणि संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या की आता मागितली तर कदाचित पुढच्या वर्षी मिळेल. म्हणजे ती डिस्क पुसली गेली की डबा मुका, डबा मुका की मी घरी, आणि घरी लसूण वाट पाहत होताच.

आणि एका सकाळी त्यानं अर्धंच हेजर म्हटलं. 'हे' म्हणाला आणि थांबला.

मी परत चालू केलं. या वेळी पूर्ण म्हणाला, पण पुढे पत्र वाचताना शब्दाच्या मधेच गप्प झाला. आंधळ्या माणसाला ही शांतता कशी असते ते सांगणं अवघड आहे. मशीन बंद पडलंय, की वीज गेली, की डबा बिघडला, की पडद्यावर काहीतरी लिहून आलंय आणि सगळ्या जगाला ते दिसतंय, फक्त मला नाही, काहीच कळत नाही. मी पडद्याजवळ हात नेला. हातावरची लव उभी राहिली, बारीक चुरचुर झाली, म्हणजे पडदा चालू होता.  मी मालकांना हाक मारली.

एका गिऱ्हाइकानं रंगांच्या दरांची फ्लॉपी पाठवली होती, तिच्यातून व्हायरस आला होता. मालकांनी कल्याणहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो घाईघाईनं आला, स्वतःची अँटिव्हायरसची फ्लॉपी घातली, आणि नेमका तेव्हा डबा थोडा वेळ नीट बोलू लागला. त्यानंच पडदा वाचला. "सस्पिशस प्रोग्रॅम इन मेमरी," डबा म्हणाला आणि पाठोपाठ एक नाव वाचलं. ते त्याचं स्वतःचं नाव होतं. मग म्हणाला, "रिमूव्ह वाय एन." काढू का, हो असेल तर वाय, नाही असेल तर एन.

"मॅडम, सापडला ना चोर," दुरुस्तीवाला म्हणाला. "ही तुमची बोलणारी चीजच व्हायरस आहे."

मी त्याला सांगितलं की तो व्हायरस नाही, माझा वाचणारा आहे. तो म्हणाला, "बघा, हा पण मेमरीत लपून बसतो, प्रत्येक बटणावर कान ठेवून असतो. व्हायरस पण तेच करतो. मशीनला काय समजणार कोण चांगला, कोण हरामी?" हे मात्र त्याचं बरोबर होतं आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. पुढे त्यानं उपाय सांगितला. "शनिवारी येतो, फॉरमॅट मारतो, टेन्शन खतम. फ्लॉपी इथंच ठेवून जातो. आणि तोपर्यंत हा काहीपण विचारेल तर वाय दाबायचं, बस."

फॉरमॅट मारणं हे त्या काळातल्या दुरुस्तीवाल्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. डिस्क धुऊन कोरी करायची. मी मालकांना म्हटलं, यात माझा आवाज जाईल. ते माणूस सज्जन, पण त्यांना ते काही केल्या पटेना. "अहो बाई, पत्रं आपण पुन्हा टाइप करू. आणि ते संस्थेचे लोक देतील की दुसरं. कामं अडलीयेत माझी." आवाज पुन्हा टाइप करता येत नाही, हे मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं असतं तर मी रडले असते, म्हणून गप्प बसले.

संध्याकाळी घरून संस्थेतल्या बाईंना फोन लावला. त्यांनाही दिसत नसे. त्या म्हणाल्या, फॉरमॅटची काही गरज नाही, त्याच फ्लॉपीनं व्हायरस काढता येईल, पण मशीन डिस्कवरून सुरू करायचं नाही. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही, आणि तिच्यावरूनच सुरू करायचं, म्हणजे व्हायरसला जागं व्हायला वाव मिळत नाही. "आणि आवाज?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तोही जागा होणार नाही ना गं. सगळं मुक्यानं करावं लागेल. कुणीतरी डोळस शेजारी बसव."

रात्री मला झोप लागली नाही. जी वस्तू मला दिसायला लावते तिला वाचवायचं तर आधी तिला झोपवायचं, आणि मग आंधळ्यानं आंधळेपणी तिचं ऑपरेशन करायचं. डोळ्यांच्या ऑपरेशनला मी टेबलावर पडले होते तेव्हाही एवढी घाबरले नव्हते. तेव्हा निदान चाकू दुसऱ्याच्या हातात होता.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असायची. वीजही त्या दिवशी केव्हाही जायची. मी शुक्रवारी काम आहे असं दादाला सांगून रिक्षानं गेले. गेटाशी स्टोअरचे काका होतेच. ते जवळच्या गावातले आगरी, कारखाना उभा राहिला ती जागा मुळात त्यांच्या घरचीच, आणि सुट्टीच्या दिवशीही ड्रमांवर लक्ष ठेवायला ते यायचे. मालकांसकट सगळ्यांना ते तू म्हणायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण ड्रमांवरची अक्षरं एकेक करून ओळखायचे.

"मंग मी सांगतंय अक्षरा," ते खुर्ची ओढून म्हणाले. "तू नको भिऊस, बाय."

मी फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. एक बीप झाली. फ्लॉपीनं घसा खाकरला. मग काही नाही. हेजर नाही. येणार नाही हे माहीत असून मी त्याची वाट पाहिली. मग बाईंनी फोनवर सांगितलेली, पाठ केलेली बटणं एकेक चाचपून दाबली आणि एंटर मारलं. आता डिस्क आतून कुरकुरायला लागली. पावलं ऐकावीत तशी मी ती कुरकुर ऐकत होते. काका मोठ्यानं श्वास घेत होते आणि त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता.

कुरकुर थांबली. बीप.

"काय आलंय, काका?"

"लय लिवलाय." ते पडद्याच्या अगदी जवळ गेले असावेत, खुर्ची करकरली. "बी. ओ. परत ओ. टी."

बूट, म्हणजे डिस्कचा मशीन सुरू करून देणारा भाग. बाईंनी सांगितलं होतं, व्हायरस तिथेच बसतो. शेवटी काय आहे म्हणून विचारलं तर काका म्हणाले, वाय, मग तिरपी रेघ, मग एन. मी वाय शोधलं. बोट त्यावर ठेवून बराच वेळ बसले. मग दाबलं. परत कुरकुर सुरू झाली आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. माझी नोकरीच मुळात फोन घ्यायची. घंटी वाजली की माझे पाय माझं ऐकत नाहीत. मी उठले, भिंतीला हात लावत बाहेर गेले आणि उचलला. मालक होते. टँकरबद्दल काकांना काही सांगायचं होतं त्यांना. माझा आवाज ऐकून म्हणाले, "तुम्ही आज इथे काय करताय?" मी खरं ते सांगितलं.

"अहो, शनिवारी तो माणूस येतोय ना? त्या मशीनला हात कशाला लावताय?"

मी काही उत्तर देणार तेवढ्यात मागच्या खोलीत बीप झाली. आणि लगेचच पुन्हा कुरकुर सुरू झाली. बीप म्हणजे प्रश्न, आणि उत्तर दिल्याशिवाय कुरकुर सुरू होत नाही. रिसीव्हर हातात तसाच धरून मी आत ओरडले, "काका, तुम्ही काय दाबलंत?"

"वाय," आतून आवाज आला. "मंगाशी तू दाबलास तोच."

मालक फोनमधून हॅलो हॅलो करत होते. मी काय बोलले ते मला आठवत नाही. थोड्या वेळानं कुरकुर थांबली आणि काका दारात येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज खूश होता, आणि खणखणीत असल्यामुळे तो फोनमध्येही गेला.

"बाय, सगला साफ जाला."

"काय साफ झालं?" मालक विचारत होते.  "थांबा, मी येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आतल्या खोलीकडे वळले. "काका, साफ म्हणजे? पडद्यावर काय आहे?"

"काय नाय त्यान. साफ."

पुढची अक्षरं वाचून घ्यावीत म्हणून मी खुर्चीत बसले आणि त्याच वेळी पंख्याची घरघर मंदावत गेली. मशीनमधला गुणगुणणारा आवाज बंद झाला. पडद्याजवळ हात नेला, लव उभी राहिली नाही. शुक्रवारची वीज गेली होती.

त्यानंतर मालकांची स्कूटर येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. दुसरा प्रश्न कशाबद्दल होता? पहिल्या दिवशी डब्यानं स्वतःचं नाव वाचून विचारलं होतं, रिमूव्ह वाय एन. तोच आज परत विचारला गेला असेल, आणि काकांनी त्याला वाय म्हटलं असेल. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? दुरुस्तीवाल्यानंही तेच सांगितलं होतं, काहीही विचारलं तर वाय दाबायचं.   डोक्यात उगीच एकच गोष्ट येत होती, की वहिनीला मटार निवडणारं माणूस परत मिळणार आणि ती मनापासून चांगलंच वागणार.

माझी अवस्था बघून काका बिचारे गप्प बसले नाहीत. माझं मन रमवायला म्हणून ते सांगू लागले, की आपण बसलोय ना, हिता त्यांच्या बापाचं शेत होतं. भात व्हायचा. पलीकडे मिठाचं आगर, तेही त्यांच्याच भावकीचं. "मंग कंपन्या आल्या, न एका पावसाल्यान सगला साफ जाला."

मी मान वर केली. "काहीच नाही राहिलं?"

"काय ऱ्हातंय? साफ."

 इतका वेळ मी मनाशी घोकत होते की साफ म्हणजे स्वच्छ, कपडा साफ होतो तसं, व्हायरस निघाला आणि डिस्क साफ झाली. पण हा माणूस साफ कशाला म्हणतो ते आता मी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. भात गेला, मीठ गेलं, बांध गेले. काय नाय त्यान.

"काका," मी शक्य तितकं हळू विचारलं, "मघाशी मशीनबद्दल साफ म्हणालात, ते असंच का?"

ते जरा वैतागलेच. "साफ म्हंजे साफ, बाय. साफ काय दोन असतंय?"

 दोन असतात, आणि त्या दोहोंच्या मधे माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी कुणाला समजावणार?

मालक आले. मला वाटलं होतं रागावतील, पण तसं झालं नाही. समोरची खुर्ची ओढून बसले आणि तिघंही विजेची वाट बघत राहिलो. शेवटी पंखा हलला. काका म्हणाले, "आली." मी फ्लॉपी बाहेर काढली. आता मशीन त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू होणार होतं, तिच्यावर काही उरलं असलं तर. माझं बोट बटणावर होतं आणि मी ते दाबत नव्हते. जोपर्यंत दाबत नाही तोपर्यंत तो आत असण्याची शक्यता होती.

"लावा," मालक म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "लावा हो, बाई."

दाबलं. बीप. कुरकुर. मग कुरकुर थांबली आणि काहीच नाही. रोज इतका वेळ लागतो का, ते मला आठवेना. रोज मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

"हेजर," डबा म्हणाला.

मी टेबलावर डोकं टेकवून रडले. त्या दोघांना वाटलं आनंदानं. ते आनंदाचं नव्हतं. इतका वेळ दाबून धरलेली भीती होती ती, आणि ती सगळी एकदम बाहेर पडत होती. काका माझ्या मागून म्हणाले, "सांगला व्हता ना मीनी. साफ." दुसरा प्रश्न बहुधा 'बाकीच्या फाइली तपासू का' असा असणार, असं संस्थेतल्या बाई नंतर म्हणाल्या. बहुधा, असंच म्हणाल्या. नक्की काय होतं ते ज्यानं पाहिलं त्याला वाचता येत नव्हतं, आणि मला दिसत नव्हतं.

मालकांनी शनिवारच्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं. पण एक अट घातली. व्हायरस पुन्हा आला तर त्यांना परवडणार नव्हतं, तेव्हा मी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्या फ्लॉपीनं मेमरी तपासायची. मी हो म्हटलं. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं. "आत्ता एकदा करून दाखवा," ते म्हणाले. मी फ्लॉपी घातली, या वेळी डबा जागा असताना.

"सस्पिशस प्रोग्रॅम इन मेमरी," डबा म्हणाला, हेजर म्हणतो त्याच सुरात. मग स्वतःचं नाव वाचलं. "रिमूव्ह वाय एन."

त्याला काढून टाकायचं का, हे तोच मला विचारत होता, आणि आपण काय विचारतोय याचा त्याला पत्ता नव्हता. मी 'जे'च्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपला, तिथून बोट खाली सरकवलं, ते 'एन'वर आलं. ते एनच आहे ना म्हणून परत 'जे'पासून मोजलं. मग दाबलं.

तिथे मी पुढे कितीतरी वर्षं होते. रोज सकाळी आधी हेजर आणि मग तोच प्रश्न. रोज मी नाही म्हटलं, आणि दाबून झाल्यावर तो पुढचा शब्द बोलेपर्यंत श्वास घेतला नाही.